बटईचा बसस्टँड

प्रिय कामिनी बाई,

परवा फोनवर "बाबा, मी बदली मागून राहिली" एवढंच म्हणालीस आणि ठेवून दिलास. तुझी आई तेव्हापासून माझ्यावरच चिडली आहे, पोरीला काहून म्हणून विचारलं का नाही? फोनवर मला मेलं सुचतच नाही. म्हणून लिहायला बसलो.

आपल्या गावच्या बसस्टँडचं काम तुझ्याकडे आलं, तेव्हा तू मला सार्वजनिक-खासगी भागीदारी समजावली होतीस. जागा सरकारची, बांधकाम कंपनीचं, वरच्या दुकानांचं भाडं काही वर्षं कंपनीनं घ्यायचं, खालचे फलाट लोकांचे, आणि मुदत संपली की सगळं सरकारकडे. मी हसलो होतो. अगं, ही तर आपली बटई! धानाची बांधी आमची, बैल आणि मेहनत देवाजीची, धान अर्धं अर्धं.

आठवतो ना देवाजी? रोवणीत तुला खांद्यावर घेऊन चिखलातून न्यायचा, "सरका, साहेबीण येऊन राहिली!" असं ओरडत. तू त्याचे केस लगामासारखे धरायचीस. दर पाडव्याला आम्ही दोघं बांधीला फेरी मारायचो आणि आधी नुकसानीचंच बोलायचो. पावसानं दडी मारली तर काय, बैल बसला तर काय, करपा आला तर काय. तुझी आई म्हणायची, "सणाच्या दिवशी काय अभद्र बोलता जी!" पण वाईट सगळं बोलून झालं की आम्ही गाठी चघळत मजेत घरी यायचो.

तरी एका वर्षी न बोललेलंच घडलं. वरच्या तलावाची पाळ फुटली आणि रोवलेल्या बांधीत रेती येऊन बसली. तो म्हणे, रेती काढणं जमीनवाल्याचं. मी म्हणे, राबणाऱ्याचं. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती नुसते निरोप. पण बांधीचं भांडण बांधीतच करायचं, असा आमचा नेम होता. शेवटी तोच ओट्याशी आला, "शिव्या द्यायच्या तं तिथं येऊन दे गा, रुपराव." मग रेतीत उभे राहून मनसोक्त भांडलो. तिथं उभं राहिल्यावर रेती कोणाची हे मागं पडलं, किती आहे तेच दिसायला लागलं. दुपारपर्यंत दोघंही घमेली उचलत होतो. उशिरा का होईना, लवकर पिकणारं हलकं धान लावलं. वाटा त्यालाही कमी आला, मलाही.

तुमच्या स्टँडच्या पायव्यात बुजवलेली जुनी विहीर निघाली. कंपनी म्हणते, सरकारनं सांगायला हवं होतं. तुझं खातं म्हणतं, कंपनीनं बघायला हवं होतं. तू नागपुरातून पत्र धाडतेस, तिकडून उत्तर येतं, आणि इथं नुसते खांब उभे. मला करारातलं काय कळतं? पण त्यांच्या साहेबाला घेऊन त्या खड्ड्याशी एकदा उभी तर राहा. भांडा हवं तेवढं, पण तिथं भांडा.

खरं सांगू, हे मी तुझ्यासाठी कमी आणि माझ्यासाठीच जास्त लिहितो आहे. देवाजी आता कोराडीला अश्विनच्या, म्हणजे त्याच्या मुलाच्या क्वार्टरमध्ये असतो. तरी दर महिन्याला बस बदलून मला भेटायला यायचा. जुना स्टँड पाडल्यापासून गाड्या उघड्या रस्त्यावर थांबतात. चैत्रात परतीच्या गाडीची वाट बघता बघता तो उन्हात कोसळला. त्याच्या डोक्यावर धरायला माझ्याजवळ दुपट्ट्याशिवाय काही नव्हतं. तुला मुद्दामच कळवलं नाही. अश्विननं बजावलं आहे, छप्पर झाल्याशिवाय बाबाला पाठवणार नाही. त्याचंही चुकलं नाही. माझे गुडघे मला तिकडे जाऊ देत नाहीत. फोन करतो आम्ही, पण आम्ही कुठली बोलणारी माणसं? शेजारी बसून गप्प राहणारे. ते फोनवर होत नाही. तू बदली माग, मी अडवत नाही. पण छप्पर घालून मग माग. नव्या माणसानं येऊन सगळं पहिल्यापासून समजून घ्यावं, एवढा वेळ आम्हा दोघांजवळ नाही, बाई.

तुझाच,
बाबा