काव्याचं विमान उतरवताना

३ मार्च
वैरागहून सोलापूरला आलो. ऋतुराज स्टँडवर घ्यायला आला होता. तो माझ्या लेकीचा, काव्याचा वर्गमित्र. जुळे सोलापुरात त्याचं छोटं ऑफिस आहे. संगणकावर विमान उडवण्याच्या खेळासाठी तो विमानं बनवतो. सध्या पुढे एकच पंखा असलेलं, माल आणि माणसं नेणारं टर्बोप्रॉप विमान बनवणं चालू आहे. काव्या असंच चालवायची. साखर कारखान्यात मी यंत्रांचे नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन होतो, म्हणून आतली रचना माझ्याकडे दिली. ऑफिसच्या वरची खोली मिळाली. घरमालकीण निंगव्वानं भाकरी आणि शेंगाचटणी दिली, वर पाव्हणं, ह्या वयात इमान करताय व्हय, म्हणून हसली. काव्या गेल्यापासून आज पहिल्यांदा पोटभर जेवलो.

१६ मार्च
कॉकपिट झालं. काव्यानं पाठवलेल्या फोटोंवरून लिव्हरचा उडालेला रंगसुद्धा काढला. वैमानिकाच्या जागी तिलाच बसवलं. मागे दोन प्रवासी, अपघातात तिच्याबरोबर गेलेले. ऋतुराजला ते आवडलं नाही.
काव्याच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवत नव्हता. भावकीनं काय काय कबूल करून पाहिलं. शेवटी मी मनात म्हणालो, पोरी, तुझं विमान मी उतरवतो. लगेच शिवला.
आज दुपारी ते संगणकावर उतरवलं. चाकं टेकली तसं मागचं दार आपोआप उघडलं आणि एक प्रवासी उतरून गेला. माणूस उतरतानाची हालचाल आम्ही बनवलेलीच नाही.

१७ मार्च
विमानात त्या प्रवाशाच्या रिकाम्या जागेवर निंगव्वा बसली आहे. तिचं नेहमीचं हिरवं लुगडं. मी तिचं चित्र काढलेलं नाही. दोनदा पुसली, परत आली. खाली गेलो तर अंगणात माणसं जमलेली. भांडी घासता घासता गेली म्हणाले.
ऋतुराजनं एकदा समजावलं होतं, एक वजन काढलं की विमानाचा तोल जातो, त्या जागी तेवढंच दुसरं ठेवावं लागतं.

२० मार्च
आता उतरवायचं नाही, असं ठरवलं होतं. पण संगणक बंद असला तरी हेडफोनमध्ये काव्या बोलते. आप्पा, इंधन संपत आलंय. चालू केला तर इंधनाचा काटा खरंच खाली. नाही उतरवलं तर ती पुन्हा पडणार.
या वेळी बदली मीच जावं म्हणून मागच्या सीटवर स्वतःचं चित्र काढून बसवलं. चष्मा, पांढरा शर्ट. मग उतरवलं. दुसरा प्रवासी गेला. त्याच्या जागी मी नव्हतो. ऋतुराज होता.
धावत खाली गेलो. गाडी चालवू नको म्हणालो. काका, झोपा जरा, म्हणाला आणि किल्ली घेऊन —

२२ मार्च
ऋतुराजची राख सावडून आलो. त्याच्या आईकडे बघवलं नाही.
अपघातातल्या तिघांपैकी आता काव्या एकटीच विमानात राहिली. वैमानिक सगळ्यांच्या शेवटी उतरतो, ती सांगायची. काटा तळाला आहे. तिची जागा घ्यायला तिच्या शेजारी मी स्वतःला बसवतो. या वेळी मलाच —

उतरवलं. ती उठली. मागे न बघता —

बायकोचा, सारजाचा वैरागहून फोन. काव्या दारात उभी हाय म्हणते. रडतेय, हसतेय. दार उघडू नको म्हणालो. आवो, लेक हाय की आपली, उन्हात उभी हाय — कडी काढल्याचा आवाज आला. मग फोन बंद.

वैमानिकाच्या जागी मी नाही. डोक्यावर पदर —

काटा पुन्हा उतरतोय. सारजाला यातलं काहीच येत नाही. हेडफोनमध्ये विचारतेय. आवो, ह्यातलं कुटलं दाबू, सांगा की, कुटलं —