उजेडाचा फेटिया

आसेगावजवळचा तांडा, २ नोव्हेंबर

चि. रंजीतास बापूचा आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू घाईत असते, म्हून लिवून राह्यलो. तुनं धाडलेला व्हिडिओ पाह्यला. पांढरा घागरा घालून एक पोरगी गरगर फिरते अन् तिच्यावर आपल्या लमाणी घागऱ्याची, फेटियाची नक्षी उजेडानं पडते. वा. ना टाका, ना कवडी, ना आरसा. बटन बंद केलं का पोरगी पांढरीच. याडीनं, तुह्या मायनं, डोळे फोडून भरलेल्या फेटियाचे फोटो याच्यासाठी नेले होते काय? तुमचा कार्यक्रम सोळा तारखेले वाशिमले हाय म्हंते. आमी येतो.

राग धरू नोको, धरला तरी जेवत जाय.
तुहा बापू, प्रेमसिंग

पुणे, ८ नोव्हेंबर

तीर्थरूप बापू व याडीस सा. न.

बापू, तुम्ही बघण्याआधीच नाक मुरडता. सिनेमाचा पडदा हलत नाही. इथं कापड हलतं, चुण्या पडतात, तरी नक्षी चिकटून राहते. कॅमेरा सेकंदाला हजारदा कापड पाहतो, प्रोजेक्टर त्याच वेगानं चित्र बदलतो. उद्या श्वासानं हलणाऱ्या पोटावर डॉक्टरला आतली गाठ अशीच दाखवता येईल. नक्षी याडीची म्हणून तिचं नाव घ्यायला मी आमच्या स्टुडिओच्या सरांना सांगितलंय. पुढं बसा.

टोमणे मारा, पण लिहीत राहा.
तुमची रंजीता

तांडा, १८ नोव्हेंबर

चि. रंजीतास,

निवेदकानं सांगतलं, नक्षी त्याइच्या स्टुडिओची. तुहे सर हात जोडून हासले. याडी आपला फेटिया नेसूनच आली होती. ते उठली, स्टेजवर चढली अन् त्या पोरीपाशी उभी राह्यली. नक्षी तेच, हे आंधळ्यालेही दिसलं असतं. पहारेकऱ्यानं तिले दंडाले धरून उतरवलं. म्हणे, बाई येडी दिसते. तू मशीनपाशी होती. मी तुह्याकडं पाह्यलं, तुनं मान खाली घातली. याच्यासाठी शिकवलं होतं तुले?

आशीर्वाद देला तो देला, वापस घेता येत नाही.
बापू

पुणे, २७ नोव्हेंबर

तीर्थरूप बापूंस सा. न.

मान खाली घातली, खरं आहे. सर शेजारी होते, मी घाबरले. दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं, ती माझी आई. ते म्हणाले, मग तर उत्तम, घरचीच नक्षी, विचारायचं कोणाला? मी त्याच दिवशी राजीनामा दिला. याडीसाठी दिला. तिला हे वाचून दाखवा.

तुमच्या मायेवर हक्क सांगायला तोंड नाही, तरी सांगते.
रंजीता

तांडा, ३ डिसेंबर

चि. रंजीतास,

वाचून दाखवलं. याडीनं शिवणं थांबवलं नाही. तुनं लिवलेलं ते पोटाच्या डॉक्टराचं काम कुठं असंन तर पाह्य म्हणे. त्याच्यात तरी कोणाचं भलं हाय. बाकी ते बोलली तसंच लिवतो: “माह्यासाठी नोकरी सोडली म्हणू नोको. ‘हे माही माय हाय’ म्हणासाठी नोकरी सोडा लागत नाही, तोंड उघडा लागते.”

पुढचं पत्र याडीच्या नावानं लिव, मी वाचून दाखवतो.
बापू