माइकवर मी काय बोलून बसले

मंगळ., ९ सप्टें.
लोकल बोर्डाच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, मीटिंगला बोलले. चर्चच्या ब्रायनने लिहून दिलेलं: हा ख्रिस्ती देश आहे, सरकारी हॉलमध्ये परके देव नकोत, दिवाळीला हॉल देऊ नका. टाळ्या! अकरा वर्षं चर्चमध्ये चहाच्या टीमवर, माइक पहिल्यांदाच. ब्रायन म्हणाला, "यू आर वन ऑफ अस." इतकं बरं वाटलं! मग मागच्या रांगेत शेजारच्या मेधाताई दिसल्या. दिवाळीचा अर्ज त्यांचाच.

बुध., १०
ड्युटीवर वॉर्डात दोनदा चुकीच्या पेशंटच्या बेडकडे गेले. नगरला शाळेत मला म्हणायचे, "तुम्ही मिशनवाले, हा देश तुमचा नाही." घरी येऊन रडायचे मी. काल तेच मी माइकवर म्हटलं. शी! नाताळच्या करंज्या मेधाताई दरवर्षी माझ्या ओट्याशी उभ्या राहून भरतात.

रवि., १४
उपासनेनंतर म्हाताऱ्या पाळकसाहेबांना गाठलं. ते माओरी, इथले मूळचे. वाटलं, धीर देतील. म्हणाले, "माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. मागून गोरे सैनिक आले, तीच प्रार्थना म्हणत. जमीन गेली." देवाच्या नावाने सत्ता गाजवायचं हे दुखणं त्याहून जुनं, म्हणे. ज्या रोमने येशूला क्रुसावर खिळलं, त्याच्याच बादशहाने पुढे ढालींवर येशूची खूण रंगवली. "लोक त्याला राजा करायला आले, तेव्हा तो डोंगरावर निघून गेला. तू त्याला कुठल्या खुर्चीवर बसवतेस, बाई?"
कान लाल.

मंगळ., १६
शेवटी मेधाताईंकडे गेले. मी दारातच उभी. त्यांनी विचारलं, "शालू, त्यांनी तुला बोलायला लावलं का गं?"
हो म्हटलं असतं तर सुटले असते. त्यांनाही तेच ऐकायचं होतं, कळत होतं मला.
"नाही. बोलायचं मीच मागून घेतलं."
"बरं." चहा विचारला नाही. "मग आता काय करणार आहेस?"

शुक्र., १९
पुढच्या मीटिंगसाठी बोर्डाकडे नाव दिलं. म्हटलेलं मागे घ्यायचं, तेही सगळ्या मंडळीसमोर. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या.
संध्याकाळी ब्रायनचा फोन. "तुझं नाव परत यादीत! आम्ही ढिगाने लोक येतोय, तुला सपोर्ट करायला."
सांगायला हवं होतं, तिथल्या तिथे.
थँक यू म्हणाले. खुशाल थँक यू म्हणाले.