माझे चार कोअर

८ सप्टेंबर, सोमवार
शुक्रवारी फैसला. चाकणच्या कंपनीत माझा प्रोग्राम जाणार की दिव्याचा. ज्याचा जास्त वेगवान, तो टीम लीड. दोन्ही एकाच सर्व्हरवर, वेगवेगळ्या कंटेनरमध्ये पळवायचे. म्हणजे ज्याला त्याला बंद खोली, कुणी कुणाची मेमरी खायची नाही. नियम मीच लिहिले. सर्व्हरचे आठ कोअर, म्हणजे काम उपसणारे आठ हात. त्यातले चार मी जुलैतच अडवून ठेवलेत, पीएमटीत रुमाल टाकून जागा धरतात तसे. हरायचा प्रश्नच नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार
ट्रायल. दिव्या ४० सेकंद, मी ८८. एसीमुळे असेल. परत घेतली. ९१.
सर्व्हर नवनाथ सांभाळतो. पिंपळे गुरवला माझ्या शेजारीच राहतो, चार वर्षं त्याच्याच गाडीवर मागे बसून हिंजवडीला येतोय. म्हणाला, गणराज भावा, तुझे जुने कंटेनर एकदा बघून घे. म्हटलं, बघतो. उद्या पाचला उठून कोड आवरणे.

१० सप्टेंबर, बुधवार
उठलो नाही. झोपही महत्त्वाची.
जेवणाच्या सुट्टीत नवनाथ दिव्याच्या टेबलावर. तिच्या डब्यातली थालीपिठं खात होता! आत्ता कळलं माझी मेमरी कोण पळवतंय. चार वर्षांची दोस्ती दोन थालीपिठांत विकली राव. फार लागलं मनाला.

११ सप्टेंबर, गुरुवार
आमच्या मॅनेजर अंजली मॅडमना मेल टाकला, अख्ख्या टीमला सीसी. नवनाथ माझ्या कोअरवर दुसऱ्याला घुसवतोय. भाषा संयमी. 'गद्दार' एकदाच वापरलं.
संध्याकाळी त्याने गाडी काढून हाक मारली. ऐकलंच नाही असं दाखवलं. बसने पावणेदोन तास, उभ्याने.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
मॅडमनी सगळ्यांसमोर यादी लावली. माझ्या कोअरवर खरंच दुसरा कंटेनर! मी टेबलावर हात आपटला, म्हटलं बघा. मॅडम म्हणाल्या, नाव वाच.
'गणराज-टेस्ट-फायनल-खरंच-फायनल'. अठ्ठावन्न दिवस चालू, माझीच मेमरी खात. मेमरीची मर्यादा: नाही. मर्यादा मी बाकीच्यांना घातल्या होत्या, स्वतःवर विश्वास होता. दिव्याच्या खोलीला मात्र धक्का नाही. भिंती माझ्या पक्क्या, पण हे कोण बोलणार?
नवनाथला विचारलं, मग बंद का नाही केलास? म्हणाला, तीन मेसेज केले. आणि दुसऱ्याच्या कंटेनरला हात लावायचा नाही, हा नियम तुझाच. एवढंच बोलला. लॅपटॉप उचलून निघून गेला.

१५ सप्टेंबर, सोमवार, स. ८.५०
टीम लीड दिव्या. ठीक आहे.
बस स्टॉपवर उभा. नवनाथला मोठ्या मनाने माफ करायचं ठरवलंय. आत्ताच त्याची गाडी गेली. मागची सीट रिकामी. मी हात केला होता. हेल्मेटमधून दिसत नाही बऱ्याचदा. उद्या जरा पुढे येऊन उभा राहीन.