माझं माप बेचाळीस

२ फेब्रुवारी
बायकोच्या शाळेतून फोन आला. ती ज्या खोलीत सत्तावीस वर्षं गणित शिकवायची, त्या खोलीला तिचं नाव देणार आहेत. अठ्ठावीस तारखेला दुपारी चार वाजता पाटीवरचा पडदा मी दोरी ओढून बाजूला करायचा. भाषण नको असेल तर राहू दे, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या. राहू दे म्हटलं.
दोरी उंच आहे. हात वर करावा लागेल. चांगला शर्ट हवा. असलेले सगळे मी मागच्या वर्षी, ती गेल्यावर, निळ्या चादरीबरोबर धुतले. तेव्हापासून ऑफिसात तेच घालतो, पण समारंभाला चालणार नाहीत.

५ फेब्रुवारी
मुलीने ऑनलाइन मागवलेले तीन शर्ट आले. मी सांगितलं तेच माप, बेचाळीस. आरशासमोर दोरी ओढायची प्रॅक्टिस केली. पहिला काखेत उसवला. दुसऱ्याचं बटण उडून कपाटामागे गेलं. तिसरा कसाबसा अंगात गेला, पण निघेना. कात्री घ्यावी लागली.
याला म्हणतात फास्ट फॅशन. दोन धुण्यांत चिंधी होते असं ऐकलं होतं. हा माल धुण्यापर्यंतही पोचला नाही.
संकल्प : असला कचरा यापुढे घरात येणार नाही. एकच शर्ट घ्यायचा, पण पंधरा वर्षं टिकेल असा. जगात कपड्यांचे डोंगर साचलेत. त्यात माझी भर पडणार नाही.
तिन्ही शर्ट तूर्त माळ्यावर.

८ फेब्रुवारी
वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढली ती उगाच नाही. माझा जुना शर्ट आणि ऑनलाइन शर्ट ऑफिसात टेबलावर पसरून प्रमाणित पट्टीने मोजले. दोन्हींच्या लेबलवर बेचाळीस. जुन्याचा घेर आठ इंच जास्त भरला.
आठ इंच! स्वस्त का मिळतं ते कळलं. गिऱ्हाइकाचं कापड मारतात. पूर्वीच्या कंपन्यांचा हात सढळ होता.
आमच्या ऑफिसात एक सहकारी आहे, त्याला सगळे फूटपट्टी म्हणतात. तो म्हणाला, एकदा स्वतःलाच मोजून बघा. त्याला सांगितलं, आपण माल तपासतो, गिऱ्हाइकाला नाही.
शिवाय गरज काय? माझे शर्ट एकोणीस वर्षं तीच आणायची. मला दुकानात कधी नेलं नाही. तुमचं माप मला पाठ आहे, म्हणायची. आकड्यात ती कधी चुकली नाही.

११ फेब्रुवारी
मोठ्या दुकानात गेलो. विक्रेत्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि काका, प्लस साइज वरच्या मजल्यावर, म्हणाला. बेचाळीसमध्ये प्लस काय करायचं, असं विचारलं. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.
कंपनीला तक्रार लिहिली. तीन पानं, सोबत तक्ता.

१४ फेब्रुवारी
शेवटी हवं तसं दुकान सापडलं. फक्त मोठ्या मापाचे कपडे, जाड सुती कापड, दुहेरी शिलाई. मालकीणबाई स्वतः अंगाने भरदार. म्हणाल्या, माझा शर्ट फाटला तर घेऊन या, शिवून देईन, टाकायचा नाही. हेच ऐकायचं होतं. इथे मोठ्या मापाचं म्हणजे माझ्या बेचाळीसला पूर्ण कापड मिळेल.
त्यांनी टेप काढली. मी म्हटलं, ती ठेवा. बेचाळीस.
"साहेब, टेप चावत नाही."
बेचाळीस, म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. मग काही क्षण माझ्या खांद्यांकडे बघत राहिल्या. व्यवसायातली सवय असावी.

२० फेब्रुवारी
कंपनीचं उत्तर आलं. दिलगिरी आणि दहा टक्के सवलतीचं कूपन. फाडलं. मी विकला जाणार नाही.
मुलीचा फोन. बाबा, एक मोठं मागवून बघू का, असं हळूच विचारत होती. म्हटलं, तुझ्या आईला विचार काय माप आहे ते. मग तिने अठ्ठावीसला किती वाजता निघायचं ते विचारलं.

२७ फेब्रुवारी
शर्ट आणला. कापड उत्तम, शिलाई उत्तम. बटणं लागत नाहीत. पाचपैकी एकही नाही.
म्हणजे ही बाईसुद्धा कापड मारते.
शिलाईत थोडं जादा कापड असेल, उसवून बघू, म्हणून बायकोचा शिवणाचा डबा उघडला. वर्षभरात पहिल्यांदा. सुयांखाली दोन पाकिटं होती. एकात शर्टांची कापून काढलेली लेबलं. चव्वेचाळीस, सेहेचाळीस, अठ्ठेचाळीस, पन्नास, पन्नास. दुसऱ्यात अकरा लेबलं. सगळी बेचाळीस. माझ्या तरुणपणीच्या शर्टांची.
कपाटातले निळे पडलेले शर्ट काढले. एकेकाची कॉलर उलटून पाहिली. लेबलाच्या चारही बाजूंना हातशिलाई. इतके बारीक टाके की तपासणीत माझ्या नजरेला आले नाहीत.
जेवलो नाही.

२८ फेब्रुवारी, सकाळी दहा
दुकान उघडायच्या आधीच दारात उभा होतो. काही बोलावं लागलं नाही. मालकीणबाईंनी खालच्या कप्प्यातून दुसरा शर्ट काढला. तोच रंग, पन्नास. पहिल्याच दिवशी शिवायला घेतला होता म्हणे. बेचाळीसवाला परत घेतला, कुणाला तरी बसेल म्हणाल्या.

दुपारी दोन
पन्नासचं लेबल काढलं. बेचाळीसचं लावलं. सुई तीनदा बोटात गेली. टाके वाकडे आहेत. ती असती तर उसवायला लावले असते.

सायंकाळी सहा
हात वर केला. दोरी ओढली. काहीही उसवलं नाही.
मुलीने माझी कॉलर सारखी केली, आत पाहिलं आणि वाकड्या टाक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, बाबा, छान बसलाय. माप काय?
बेचाळीस, म्हटलं.
डब्यात अजून दहा आहेत. एक शर्ट पंधरा वर्षं. पुरतील.