दोन विहिरींचं पाणी

पेण,
१८ मे २०२५

प्रिय शाझिया,

सलाम. गावी घरी सगळे बरे आहात ना? अम्मींचा गुडघा कसा आहे? तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय.

कॉलेजच्या लॅबमध्ये तुझ्या जागी किमया नावाची मुलगी आलीय. तिला शिकवायचं काम सरांनी माझ्यावर टाकलंय. "नमितासारखी असिस्टंट मिळायला नशीब लागतं," असं ते पाहुण्यांसमोर म्हणतात. मी खाली बघते. मला काय येत होतं गं? पिपेट धरण्यापासून सगळं तूच शिकवलंस.

परवा किमयाने विचारलं, "ताई, आधी लेबल लावून मगच बाटली का भरायची? नंतर लावलं तर काय होतं?"

मी उठून बाहेर गेले.

शाझिया, त्या खाडीकाठच्या गावातल्या दोन्ही विहिरींच्या तपासणीच्या बाटल्या मी भरल्या होत्या. तू तेव्हा शाळेच्या बोअरिंगवर होतीस. ऊन फार होतं, मला घाई होती. लेबलं मी गाडीत बसल्यावर लावली, अंदाजाने, आणि ती उलटी लागली. खालच्या विहिरीचं घाण पाणी पिण्यायोग्य ठरलं आणि गावाने वरची चांगली विहीर बंद केली. मग कावीळ पसरली. तिथल्या इंदुबाईंची सून सात महिन्यांची गरोदर होती. ती गेली. बाळही गेलं.

चूक कळली तेव्हा सरांनी विचारलं, "बाटल्या कोणी भरल्या?" सिनिअर म्हणून कागदावर सही तुझी होती. तू माझ्याकडे पाहिलंस. मी बोलेन असं तुला वाटलं असणार. मी गप्प राहिले, आणि तुला काढलं.

काल सरांना सगळं लेखी दिलं. "मिटलंय ते, कशाला उकरतेस?" म्हणाले. मी एक प्रत प्राचार्यांना दिली, सोबत राजीनामा. तिथून इंदुबाईंकडे गेले.

त्या सुकट निवडत होत्या. मी सांगत होते, त्यांचा हात चालूच होता. मग थांबला.

"ती दुसरी पोर आली व्हती," त्या म्हणाल्या. "माफी मागत रडली. मी शिव्या देऊन हाकलली तिला. चूक तिची नाय, तर आली कशाला गो?"

तू तिथे गेली होतीस, हे मला माहीत नव्हतं.

त्या पुन्हा सुकट निवडायला लागल्या. फक्त मी निघताना म्हणाल्या, "तिला सांग, इंदुबाय चुकली."

तो निरोप तुला पोचवतेय. माझ्यासाठी काही मागायचं धाडस नाही.

तुझ्यापुढे मान खाली घालून,
नमिता