उघडण्यापुरती हत्यारं

आई,

तुला जाऊन बरीच वर्षं झाली. तू होतीस तोवर तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. आपण एकाच घरात राहत होतो, आणि लांबलचक बोलणं तुला आवडत नसे. समोरचा जरा जास्त बोलायला लागला की तू घड्याळाकडे बघायचीस, ड्यूटी असो वा नसो. आता तुला कुठं जायचं नाही, म्हणून लिहितो आहे.

बाबांनी मस्कतहून ती रिमोटची गाडी आणली तेव्हा मी सातवीत होतो. खेळण्यांच्या दुकानात मिळायची तशी ती नव्हती. तिचा एकेक भाग सुटा व्हायचा: चाकं, स्प्रिंगा, मोटर, आतले दातेरी गिअर. नवीन पनवेलात तेव्हा इमारती कमी आणि रिकामे प्लॉट जास्त. विचुंब्याच्या बाजूच्या मोकळ्या मैदानात बाबा आणि मी ती गाडी पळवायचो, ती मुरमाची लाल धूळ उडवत जायची आणि पोरं मागे धावायची. बाबांनी मला बजावलं होतं की प्रत्येक वेळी चालवून आणल्यावर तिला उघडायचं, धूळ काढायची, तेलाचा थेंब द्यायचा, नाहीतर गिअर खाल्ले जातील. त्यांच्या रजेचे दिवस संपले तेव्हा हे सगळं कशानं करायचं हा प्रश्न राहिला. ते म्हणाले, "इथली हत्यारं लावू नकोस तिला. पुढच्या खेपेला पूर्ण सेट आणतो, लाल पेटीतला." आणि टॅक्सीत बसले.

पुढच्या खेपेपर्यंत धूळ थांबणार नव्हती. गाडी कुरकुरायला लागली. घरात एकच स्क्रू ड्रायव्हर होता, पंख्याचा आणि शेगडीचा, त्याचं टोक बोथट. मी तो लावला आणि पहिल्याच स्क्रूचं डोकं कुरतडलं गेलं. तू ड्यूटीवरून येऊन चप्पल काढत होतीस. तू नुसतं बघितलंस आणि म्हणालीस, "हात तुझ्या बाबांचाच आहे."

तू जुन्या पनवेलातल्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होतीस. तिथले डॉक्टरसुद्धा तुला वचकून असत, हे मला नंतर कळलं. त्या आठवड्यात तू पिशवीतून एकेक वस्तू आणायला लागलीस, हॉस्पिटलनं बाद करून टाकलेल्या. दाते झिजलेला आर्टरी फोर्सेप, म्हणजे तो कात्रीसारखा चिमटा, टक्‌ करून आवळला की हात सोडला तरी पकड सुटत नाही. टवके उडालेला किडनी ट्रे. काचेची सिरिंज आणि तिची घासून बोथट केलेली सुई. हात घासायचा ब्रश. स्वयंपाकघरात तू आमटीचं पातेलं उतरवून ठेवलंस आणि शेगडीवर ते सगळं वीस मिनिटं उकळलंस. मी ओट्याला टेकून बघतो आहे, पाण्यात फोर्सेप खुळखुळतो आहे, आणि तू मला सांगते आहेस की स्क्रू ट्रेमध्ये ठेवायचे म्हणजे घरंगळत नाहीत, बारीक नट बोटांनी धरायचा नाही, फोर्सेपनं धरायचा, शिवणाच्या मशीनचं तेल सिरिंजमध्ये भरायचं आणि जिथं दुखतं तिथंच एक थेंब सोडायचा. "जिथं दुखतं तिथंच" हे तुझे शब्द. हसली नव्हतीस. मला मात्र त्या दिवशी वाटलं होतं की आईला माझी गाडी आवडते.

त्या हत्यारांनी काम झकास व्हायचं. आज माझ्याकडे परदेशी हत्यारं आहेत, पण बारीक नट धरायला त्या फोर्सेपइतकं सोयीचं काही मला अजून मिळालं नाही.

मग तू मोजणी सुरू केलीस. थिएटरमध्ये पोट शिवायच्या आधी प्रत्येक हत्यार, प्रत्येक बोळा मोजतात, तसं गाडी बंद करायच्या आधी मी ट्रेमधले स्क्रू मोजून तुला सांगायचे. एका रविवारी एक कमी भरला. तू म्हणालीस, सापडल्याशिवाय जेवायचं नाही. मी कॉटखाली शिरलो, मोरीची जाळी काढली, पायपुसणं झटकलं. तू जेवायला बसलीस. डाव्या हाताची मूठ मांडीवर ठेवून, उजव्या हातानं, सावकाश. तेवढ्यात तुमच्या हॉस्पिटलातली आयामावशी मासळी घेऊन आली. तिचा भाऊ उरणला बोटीवर होता, तिला स्वस्तात मिळायची. मला जमिनीवर रांगताना बघून ती दारातच थांबली. म्हणाली, "शिस्टर, पोर भुका हाय. नाय मिलला तर नाय मिलला, येवरासा त खिला हाय." तू तिला म्हणालीस की तू तुझं बघ. ती गेल्यावर तू ताट धुतलंस, हात पुसलेस आणि डावी मूठ उघडून तो स्क्रू ट्रेमध्ये टाकलास. टिण्‌ असा आवाज झाला.

"पोटात राहिला असता तर सापडला नसता," तू म्हणालीस. "आता जेव."

मी जेवलो. भूक लागली होती म्हणून जेवलो आणि तुझ्यासमोर जेवतो आहे याचा राग आला म्हणून आणखी भात घेतला. त्यानंतर माझ्या हातून स्क्रू कधी हरवला नाही हेही खरं. तू ज्या ज्या क्रूर गोष्टी केल्यास त्यांचा उपयोग झाला, हीच माझी तुझ्याविषयी सगळ्यात मोठी तक्रार आहे. निरुपयोगी क्रूर असतीस तर सोपं गेलं असतं.

एक वस्तू हॉस्पिटलातून येण्यासारखी नव्हती. चांगला बारीक स्क्रू ड्रायव्हर. मी सारखा म्हणायचो की बाबा आणणार आहेत, आपण घ्यायला नको. बाबांची पत्रं तोवर आखूड झाली होती आणि मग थांबली होती, पण मी त्याचा अर्थ कामाचा ताण असा लावला होता. एका शनिवारी तू मला घेऊन बाजारात त्या बोहरी चाचांच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलीस. चाचांनी काउंटरवर तीन-चार ठेवले. तू प्रत्येकाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून बघत होतीस, उजेडाकडे धरून दांडी सरळ आहे का बघत होतीस. पत्र्याच्या डबीतला सहा तुकड्यांचा संच स्वस्त पडत होता, तो तू बाजूला सारलास. तू म्हणालीस, रोज हातात येतं ते एकच घ्यायचं आणि चांगलं घ्यायचं, बाकी दुसऱ्यांनी टाकलेलं चालतं. मी पुन्हा म्हणालो, "कशाला आई, बाबा पूर्ण सेट आणणार आहेत."

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. चाचांना म्हणालीस, "याच्या बापानं तिकडे दुसरं घर केलंय. तो काही आणणार नाही. तुम्ही हा बांधून द्या."

तोवर घरात बाबा म्हणजे 'ते' होते. ते म्हणाले, ते येणार आहेत, त्यांना हे आवडत नाही. त्या दिवशी दुकानात तू त्यांना पहिल्यांदा 'तो' म्हणालीस, आणि दुसरं घर म्हणजे काय हे कळायच्या आधी मला त्या एका अक्षरावरून कळलं की बाबा गेले. चाचा कागदात बांधता बांधता थांबले. "बाईसाहेब, बच्चा है," एवढंच हळू म्हणाले. मला स्टुलावर बसवलं, माठातलं पाणी दिलं. तू उरलेले पैसे मोजून घेतलेस, स्क्रू ड्रायव्हर पर्समध्ये टाकलास आणि रस्त्यावर उभी राहिलीस. रिक्षात मी विचारलं की तुला कधीपासून माहीत होतं. तू म्हणालीस, गाडी आणली तेव्हापासून. अपराधी माणूसच एवढी महाग वस्तू आणतो. मग, आपल्या वळणाशी आल्यावर, "उघडायला एवढी हत्यारं पुरे आहेत. जोडायचं काय ते तुझं तू बघ."

तो पुढच्या वर्षी आला. मीही आता 'तो' म्हणतो, पण त्या दिवशी दार उघडल्यावर माझ्या तोंडून "बाबा" असंच निघालं. त्याला घटस्फोटाच्या कागदांवर तुझ्या सह्या हव्या होत्या. हातात लाल पेटी होती. खरोखरच आणली होती, आई. तू म्हणाली होतीस की आणणार नाही, आणि त्यानं आणली होती. त्यानं ती टेबलावर ठेवून उघडली. आत स्पंजमध्ये प्रत्येक हत्याराची खाच कोरलेली, षटकोनी एलन-की चढत्या क्रमानं, बॉक्स पाना, निमुळती पक्कड, सगळ्यांना एकसारख्या निळ्या मुठी. मी अजून हात लावला नव्हता. तू सह्या केल्यास, पेनाचं टोपण लावलंस आणि मला म्हणालीस, "घे ना. पण घेतलीस तर त्याच्याबरोबर जायचं. इथं ती पेटी आणि तू, दोन्ही राहणार नाहीत."

तो म्हणाला, "अगं, पोराला कशाला यात ओढतेस." पण मला तो म्हणाला नाही की चल. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो आणि त्यानं एकदा जरी चल म्हटलं असतं तर मी अंगावरच्या कपड्यांनिशी गेलो असतो, हे तुला ठाऊक होतं. आणि तो म्हणणार नाही, हेही तुला ठाऊक होतं. म्हणूनच तू असं विचारलंस. मी पेटीचं झाकण लावलं आणि ती त्याच्याकडे सरकवली. मला वाटलं तो परत माझ्याकडे सरकवेल. निदान टेबलावर सोडून जाईल.

त्यानं खटके लावले. "असू दे मग," म्हणाला, "तिकडे पोराला होईल."

असं मला कळलं की तिकडे एक पोरगा आहे. तू चहा ठेवला होतास, तो त्याला दिलास, त्यानं उभ्यानंच प्यायला. तो जिना उतरून गेला तेव्हा तू गॅलरीत उभी होतीस. मी आत रडत होतो. तू आत आलीस, कप उचललास आणि म्हणालीस, "एका हातात नेली. जड असेलसं वाटलं होतं मला." पाठीवर हात ठेवला नाहीस. ठेवला असतास तर मी झिडकारला असता. पण झिडकारायची संधी तरी द्यायचीस.

त्या आठवड्यात मी गाडी उघडली. धूळ काढायला नव्हे. एकेक भाग सुटा करत गेलो, स्प्रिंगा, चाकं, गिअर, शेवटी मोटरमधल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं, आणि सगळं ट्रेमध्ये आणि वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलं. जोडायचं नव्हतंच. तू कामावरून आलीस, खाली वाकून सगळं बघितलंस. एकही स्क्रू बिघडला नव्हता. "व्यवस्थित उघडलीस," तू म्हणालीस. आयुष्यात तू माझं कौतुक केल्याचं मला एवढं एकच आठवतं. भाग तू एका पिशवीत भरलेस आणि ती भंगारवाल्याला दिलीस.

मी हॉस्पिटलांची यंत्रं दुरुस्त करण्याच्या धंद्यात पडलो. लोक म्हणतात की आईमुळे, आणि मी मान हलवतो. तुझं शेवटचं आजारपण माझ्याच घरी झालं, सुकापुरात. मी तुला पेज भरवायचो तेव्हा तू म्हणायचीस की तुझा हात हलतो, तुला थिएटरमध्ये कुणी उभं केलं नसतं. सून कशी आहे, नर्स कशी मूर्ख आहे, सलाइन कसं चुकीच्या शिरेत आहे, सगळं तुला दिसत होतं. एक दुपार निवांत होती. मी धीर करून विचारलं की त्या दिवशी मी पेटी घेतली असती तर तू खरंच मला घालवलं असतंस का.

तू माझ्याकडे बघितलंस. डोळे स्वच्छ होते, औषधाची गुंगी नव्हती.

"कुठली पेटी?" म्हणालीस.

मी सांगितलं नाही. तू खरंच विसरली होतीस की तेवढंही उत्तर मला द्यायचं नव्हतं, हे मी पुष्कळ वर्षं उलटंपालटं करून बघितलं. कधी वाटतं, विसरलीच असशील. थिएटरमध्ये रोज इतकी पोटं उघडायची, त्यातलं एक कोण लक्षात ठेवतं. तू गेलीस त्या दिवशी तुला पोचवून मी घरी आलो, अंघोळ केली आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपलो. बायको म्हणाली की धक्क्यानं होतं असं कधीकधी. धक्का नव्हता.

हे कुठल्या पत्त्यावर धाडणार, तेव्हा ते इथंच राहील. पण ज्यासाठी लिहायला बसलो ते अजून लिहिलंच नाही. परवा सोसायटीच्या गणपतीत माझ्या मुलीचा नाच होता. ती आठवीत आहे. कार्यक्रम संपल्यावर जिना चढताना तिनं विचारलं, "कसा झाला, बाबा?" मी म्हणालो, "शेजारची मुलगी बघितलीस ना? ती लोकांकडे बघून नाचत होती. तू पूर्ण वेळ स्वतःच्या पायांकडे बघत होतीस." ते खरं होतं. तिनं गजरा काढून हातात घेतला आणि माझ्यापुढे चढत राहिली, मान खाली घालून. मला तिच्याबद्दल वाईट वाटलं, पण ते घरात शिरल्यावर, चपला काढताना. त्याच्या आधी, ती गप्प झाली त्या पायरीवर, आई, मला बरं वाटलं होतं.